सोपान तितंच रमलाय

लिव गं स्नेहल, मी सांगते तसंच लिव. लय नीट करू नको.

आपल्या वडिवळ्यात, दोन घरं सोडून, रखमाजी भावजींचं घर. आता कुलूप हाय. मानूस कसा, तर ह्या बांधावर बोलला का त्या बांधाला ऐकू जायाचं. भातलावनीला आमची सावड असायची, आज समद्यांनी तुज्या खाचरात, उद्या माज्या. त्यात सगळ्यांच्या म्होरं भावजीच. बायको, शालन, जाऊन सा वर्सं झाली. ल्योक गौरव तळेगावात ऱ्हातो, उर्स्याला कंपनीत जातो.

दोन सालामागं छातीत दुखलं. दवाखान्यात न्हेऊन स्प्रिंग बशिवली. डाक्टर म्हनला, जपा, धक्का बसंल असं काय करू नका. त्ये गावानं लयच मनावर घेतलं बघ. सावडीला बोलवायचं बंद. बांधावरनं भांडायचं बंद. कुनी मेलं तरी सांगायचं न्हाई. जो त्यो दारातनंच, "आराम करा आबा," अन् चालता. मी बी तसलीच. भाकरी पोचती केली का सुटले.

एक सोपान तेवढा ऐकायचा न्हाई. लहानपनापासनंचा जोडीदार. सकाळी यायचा, वट्ट्यावर बसून चा प्यायचा, नखानं गोळी काढून भावजींच्या हातावर ठिवायचा.

"गिळ रखम्या. तू गेलास तर मी शिव्या कुनाला देऊ?"

"देवाला दे."

"त्यो उलट देत न्हाई रं!"

माज्या चुलीपातूर हसू ऐकू यायचं.

श्रावनात सोपान लेकीकडं गेला, रतनकडं, देहूरोडला. दोन दिसांत येतो म्हनला. तितं ताप भरला अन् चौथ्या दिशी संपला. समदं तितंच उरकलं. मला गौरवचा फोन. "काकी, बाबांना कळू देऊ नका. त्यांना सोसायचं न्हाई." मला पटलं गं. माज्याच तोंडानं सांगितलं, "भावजी, लेकीनं ठिवून घेतलाय त्याला. तितंच रमलाय."

"मला न सांगता?"

"घाईत असंल."

"फोन लागंना त्याचा."

"नातवानं पान्यात पाडला म्हनं."

एक खोटं बोललं का त्याला टेकू म्हनून दुसरं लागतंच.

म्होरं म्हैनाभर वट्ट्यावर दोन कप दिसायचे. एक भरून ठिवल्याला, त्याच्यावर साय धरायची. मंग एकच दिसाय लागला. पाय सुजले, बोलनं आटलं. मी इचारलं, "गोळ्या घेताय न्हवं?" म्हनले, "व्हय." मी आत जाऊन बघितलं न्हाई.

एक दिस मलाच म्हनले, "वयनी, सोपान्याला माज्याकडनं काय वंगाळ बोलनं झालं का वो?"

जिभेवर आलतं, सांगून टाकावं. पर छातीला हात लावून बसल्याले त्ये. वाटलं, आत्ताच जातील.

"न्हाई वो. रमलाय त्यो."

"रमू द्या मंग," म्हनले, अन् भितीकडं तोंड केलं.

दिवाळीच्या आदी एका सकाळी हाका मारल्या तरी दार उघडंना. आपल्या पवननं खांद्यानं दार ढकललं, उचलून जीपमंदी घातलं. डोकं माज्या मांडीवर. कामशेतच्या अलीकडं डोळं उघडलं. "सोपान्याला म्हनावं, एकदा शिव्या द्यायला तरी ये."

"येतोय," म्हनले मी.

त्येवढंच ऐकून गेले.

घर आवरताना गौरवला फळीवर गोळ्या घावल्या. सोपान लेकीकडं गेला त्या दिसापातूरच्या फोडल्याल्या, म्होरची पाकिटं तशीच, गौरव दर म्हैन्याला आनून द्यायचा ती. हातात धरून मला म्हनला, "काकी, आपन तर किती जपलं."



मला बी परवा डाक्टरनी तसलीच गोळी लावलीया. म्हनून ह्ये लिवून घरात भितीला लाव. कुनी गेलं तर मला सांगायचं. मी रडंन, छाती बडवीन, पर सांगायचं. अन् सकाळी माज्याजवळ बसून गोळी कोन देनार, त्याचं नाव बी खाली लिव.