नथ्थूदादानं फोडलेलं दार

नथ्थूदादा गेल्याची बातमी धडगावहून आली ती सरकारी जीपच्या ड्रायव्हरच्या तोंडून. मी नंदुरबारच्या शाळेत मुलींकडून कविता पाठ करून घेत होते. तो वर्गाच्या दाराशी आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "बाई, मुकादम गेले." घाटातल्या रस्त्यावर दरड आली होती. माणसं लावून दादा दगड हलवून घेत होता. छातीत कळ आली म्हणून कडेला बसला, आणि उठलाच नाही. रस्ता तेवढा मोकळा झाला होता. त्याच रस्त्यानं जीप त्याला खाली घेऊन आली.

रनाळ्याला दहाव्याला गाव जमलं. माणसं म्हणाली, नथ्थू माणूस सोन्यासारखा, पण तापट होता हो. पिंडाजवळ भांडण नको म्हणून मी गप्प बसले. आता महिना उलटून गेला आहे, आणि मला गप्प बसायचं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे, ती मी पाळणार आहे. जिवंतांबद्दलही चांगलंच बोलावं, अशी रीत कुणी घातल्याचं मला माहीत नाही.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मग शांताक्का, मग मी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे दादा फौजेत भरती झाला, आणि पहिल्या मोठ्या रजेवर आला तो एक फोटो घेऊन. त्या फोटोनं घरात गोंधळच उडाला. छातीवर रुळणारी काळीभोर दाढी, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या चामड्याचा एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, आणि खांद्यावर बंदुकीच्या जागी कुऱ्हाड! मायनं फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "लष्करमा जाईसन तू लाकूडतोड्या व्हयना का रे?"

दादा हसला. म्हणाला, "माय, मी पायोनियर शे." मग जेवता जेवता त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. पायदळ पलटणीत पायोनियरांची एक वेगळी तुकडी असते. पलटण पुढं सरकायची म्हणजे वाट हवी. झाड आडवं पडलेलं असतं, ओढ्यावरचा पूल मोडलेला असतो, तारेचं कुंपण असतं, कुठं दार आतून लावलेलं असतं. ते सगळं मोकळं करायचं काम पायोनियरांचं. बंदूकवाले मागून येतात. म्हणून परेडच्या दिवशी अख्ख्या पलटणीच्या पुढं पायोनियर चालतात, कुऱ्हाड खांद्यावर टाकून. त्याच्या पलटणीत बाकीच्यांना दाढी राखायची मुभा नव्हती, पायोनियरला होती, ती जुनी रीत होती. गावातली पोरं त्याला 'बाबाजी' म्हणायची, नंदुरबारच्या बाजारात त्याला कुणी सरदारजी समजायचं. त्याला त्याची मोठी गंमत वाटे. शांताक्काला मात्र त्या फोटोचा फार अभिमान होता. लग्न होऊन सासरी जाताना तिनं तो मायकडून मागून घेतला.

तिचं सासर कोरीटच्या वाटेवर. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. घर मोठं, पुढं सागवानी दार, पितळी फुल्यांचं. त्या दाराचं कौतुक तिची सासू लग्नाच्या मांडवातही सांगत होती... त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत अक्काचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. सुईण स्वतःच म्हणाली, हिला नंदुरबारच्या दवाखान्यात न्या. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी नेलं नाही. शेजारच्या एका बाईनं आमच्याकडं निरोप धाडला. बाबा गाडी जुंपून सकाळीच तिथं पोचले, तर पुढचं दार आतून लावलेलं. त्यांनी हाका मारल्या. सासू आतूनच बोलली, "आम्हना बैल पेरनीवर शेतस. आम्ही बी आठेच बाळंत व्हयनूत. तुन्ही आंडेर काय राजानी शे?" आंडेर म्हणजे लेक.

बाबा म्हणाले, गाडी माझी, बैल माझे, फक्त दार उघडा. उघडलं नाही. व्याह्यांच्या घरात जबरदस्तीनं शिरायचं नाही, एवढी एकच गोष्ट बाबांना ठाऊक होती. ते ओट्यावर बसून राहिले. आतून अक्काचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. दुपार कलल्यावर दार उघडलं ते तिला बाहेर काढण्यासाठी. तिचा नवरा, चांगला दांडगा माणूस, त्या सगळ्या वेळात आईच्या मागं उभा होता. दाराच्या कडीपर्यंत त्याचा हात सहज पोचत होता.

हे पुरे नव्हतं म्हणून की काय, दिवाळी झाल्यावर तेच लोक आमच्या दारात आले. आमचं दार उघडं होतं, चहासुद्धा झाला. सासरा म्हणाला, "मोठी गई ते गई, धाकली द्या. सोयरीक तोडू नका." धाकली म्हणजे मी. आपल्याकडं असं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं. माय आत चुलीजवळ बसून होती. तिनं चुलीत लाकूड सारलं.

दादाला तार केली होती अक्का गेली तेव्हाच, पण त्याची रजा मंजूर व्हायला हिवाळा उजाडला. तो आला. बाबांनी त्याला सगळं सांगितलं, माझ्या लग्नाचंही. दादानं माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, "हिले कोन्ही इचारं का?" मग त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, "मला तिथं पाठवलंत तर मी विहिरीत उडी टाकीन." तो "बरं" म्हणाला, एवढंच.

आणि आता त्या 'तापट' माणसाचं ऐका. दादा लगेच उठून गेला नाही. चार-आठ दिवस घरीच राहिला. कापूस वेचायला आला, मायला पाणी भरून दिलं, गोठ्याचा मोडका खांब बदलला. रोज सकाळी अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावायचा, पातं अंगठ्यावर तपासायचा, पुन्हा लावायचा. बाबा म्हणाले, "नथ्थू, कोन्हा जीव लेवू नको." दादा म्हणाला, "जीव लेवाना ऱ्हाता ते पहिलाच दिन लिन्हा ऱ्हाता."

बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, तो त्या गावात गेला. मी आणि बाबा त्याच्या मागून गाडीत. अंगात खाकी, दाढी नीट विंचरलेली, खांद्यावर कुऱ्हाड, आणि चाल परेडची. त्याला येताना पाहून आतल्यांनी दार लावून घेतलं. मागोमाग अर्धं गाव गोळा झालं. दादा ओट्याखाली उभा राहिला आणि शांत आवाजात म्हणाला, "दार उघाडा. मी शांतीना भाऊ शे."

आत हालचाल नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. मग म्हणाला, "लेकरं असतीन ते मांगना दारतून काढी ल्या. मी हाई दार फोडस."

तो थांबला. मागच्या दारातून पोरं बाहेर पडल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हाच त्यानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव बिजागरीवर. मी त्याला कधी फौजेत काम करताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. त्यात घाई नव्हती, शिवी नव्हती. वरची बिजागरी, खालची बिजागरी, मग अडसर, मग फळ्या एकेक. पितळी फुल्या ओट्यावर टणटण उडत होत्या. दार आत कोसळलं तेव्हा सासू समोर उभी होती, तिच्यामागं सासरा, त्याच्यामागं तो दांडगा नवरा... नेहमीसारखाच मागं. दादानं तिघांपैकी कुणाला बोटही लावलं नाही. चौकटसुद्धा उखडून बाहेर टाकली. मग दगडी उंबऱ्यावर पाय ठेवून म्हणाला, "आठे परत दार बसाडं ते मी परत येसू."

खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा आनंद मला पुन्हा झालेला नाही. मुलींना शिकवताना मी क्षमेचे धडे शिकवते. पुस्तकात आहेत म्हणून शिकवते.

पोलीस आले, दादा आपण होऊन त्यांच्याबरोबर गेला. कोठडी झाली, खटला झाला, गुन्हा त्यानं पहिल्याच तारखेला कबूल केला. शिक्षा भोगून परतला तेव्हा पलटणीनं वेगळी शिक्षा दिली: बाहीवरची फीत काढली, पायोनियरांतून काढून लंगरखान्यात स्वयंपाकाला घातलं, आणि दाढी उतरवली. पुढच्या रजेला तो घरी आला तर माय ओसरीतून विचारते, "कोन शे?" त्या गुळगुळीत हनुवटीकडं पाहून ती रडली. दादा म्हणाला, "माय, दाढी परत येस."

त्याच रजेत कळलं की त्या लोकांनी नवं दार बसवलं आहे. गावातला सुतार तयार झाला नव्हता, म्हणून नंदुरबारहून करून आणलं होतं. दादा चालत तिथं गेला. या वेळी हातात काही नाही. त्या घरासमोरच्या निंबाखाली बसला आणि दाराकडं पाहत राहिला. लोक येऊन रामराम करून जात, तो रामराम घेई. दिवस मावळायच्या आत त्या लोकांनी स्वतःच्या हातानं दार उतरवलं.

त्यानंतर ते घर तसंच राहिलं. दाराच्या जागी कुडाची ताटी. थंडीत गोणपाट. कुत्री आत शिरायची, शेळ्या शिरायच्या. आणि त्या घरात पुन्हा कुणी मुलगी दिली नाही. बोलणी करायला आलेला माणूस आधी त्या भगदाडाकडं बघे आणि विचारे, हे काय? मग कुणीतरी सांगे. शांताक्काबद्दल गावाला रोज बोलावं लागे, ते त्या भगदाडामुळं. दार शाबूत असतं तर ती वर्षभरात विसरली गेली असती.

माझं लग्न मोडलं ते मोडलंच. दादानं बाबांना सांगून मला नंदुरबारला शिकायला ठेवलं. चीनचं युद्ध झालं, तेव्हा बर्फातल्या वाटा मोकळ्या करायला हाताला सवय असलेली माणसं लागली, आणि पलटणीला लंगरखान्यातला नथ्थू आठवला. दाढी परत आली. पायाची बोटं मात्र बर्फानं खाल्ली. पेन्शन घेऊन तो आला आणि धडगावच्या घाटरस्त्यावर मुकादम झाला. पाड्यावरची माणसं त्याच्या हाताखाली काम करायची. तो त्यांची पावरी बोली शिकला, ती त्याला 'दाढीवाला' म्हणायची. त्यानं लग्न केलं नाही.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "दादा, तुला त्याचं कधी वाईट वाटतं का?" तो म्हणाला, "वाटस. त्या घरमा म्हतारी शे. थंडीमा तिले वारा लागत व्हई."

"मग?"

"मंग काय... लागू दे."

दादाच्या दहाव्याहून मी नंदुरबारला परतले आणि पंधरवड्यात बातमी आली: त्या घरी सुतार कामाला लागलेत. दादा गेला, आता कोण येणार! दार बसलं, सागवानीच. आणि लगोलग सोयरीकही जमली. नवरदेव म्हणजे अक्काचाच नवरा, आता चाळिशीला टेकलेला, मुलगी तापीकाठच्या एका गावची, माझ्या शाळेतून चारच वर्षांपूर्वी सातवी होऊन गेलेली. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती.

मी रविवारी एसटीनं त्या मुलीच्या घरी गेले. बापानं खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं: सुईण काय म्हणाली, बाबा कुठं बसले होते, आतून आवाज कधी थांबला. बाप म्हणाला, "बाई, त्या जुन्या गोष्टी शेतस. आते दार बी बसाडं त्यास्नी." मी म्हटलं, "दार बसवलं म्हणूनच आले. ते आतून लावता येतं आता." मग खांबाआडून मुलीची आई पुढं आली. नवऱ्याकडं न पाहता ती माझ्याशी बोलली, "आम्हनी आंडेर काय तठे मराले धाडानी शे का?" आणि ओसरीवर तयार ठेवलेलं सुपारीचं ताट उचलून आत घेऊन गेली.

त्या माणसानं आता दुसरीकडं बघायला सुरुवात केली आहे असं ऐकते. बघू दे. रनाळ्याला, कोरीटला, तापीच्या दोन्ही काठांना एसटी जाते, आणि मला दर रविवारी सुट्टी असते. दादा होता तोवर ते घाबरत होते. त्यांना वाटलं त्याच्याबरोबर ते संपलं. त्यांना माझी आठवण राहिली नसावी. एकदा आमच्याकडं चहा पिऊन जिला मागितलं होतं, ती मीच.

धडगावच्या खोलीतून दादाचं फारसं काही निघालं नाही. दोन धोतरं, एक घोंगडी, एक लाकडी फणी. कामावर निघण्याआधी तो खिडकीशी उभा राहून त्या फणीनं दाढी विंचरायचा, असं त्याच्या शेजारणीनं मला सांगितलं. फणी मी माझ्या खिडकीत ठेवली आहे. तिच्या दातांत त्याचे पांढरे केस अडकलेले आहेत. परवा घर झाडायला येणारी बाई ती धुवायला घेऊन निघाली होती. मी तिच्या हातातून काढून घेतली.