अकोल्याचा हिरा आणि आठ दिवसांची परीक्षा

साखरपुड्यात वधूला हिऱ्याचीच अंगठी द्यावी, हे मी एका इंग्रजी साप्ताहिकातल्या पानभर जाहिरातीवरून ठरवले. हिरा ही प्रेमाची पूर्वापार खूण असल्याचे तिच्यात म्हटले होते, आणि छापील इंग्रजीवर माझा, इंग्रजीच्या प्राध्यापकाचा, गाढ विश्वास होता. माझा साखरपुडा अकोल्यास होता. अंगठी तेथेच घ्यावी म्हणून एकसष्टच्या माघात मी आदल्या दिवशीच निघालो.

अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत छोटी गाडी, पुढे मुंबईकडची. जाणाऱ्यांनी सकाळचीच गाठावी. मूर्तिजापूरच्या चहाला चहा म्हणणे हे औदार्य आहे. अकोल्यात टांगेवाला आठ आणे मागतो, सहात येतो.

सराफाने अंगठी पुढे केली, पण पैशाला हात लावला नाही. "आठ रोज घरात ठेवून पाहा. लाभला तं मंग पैसे द्या. सारेच तसं करतेत."

"मी असल्या समजुती मानत नाही," मी म्हणालो आणि पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी वधूच्या, कुसुमच्या घरी पाटोड्यांचे जेवण उत्तम झाले. मग मी डबी उघडली. तिच्या आईचा चेहरा उतरला.

"हिरा? पारखला काय, जवाईबापू? कोनाले लाभते, कोनाले बुडवते. साखरपुडा आठ दिवसानं करू."

पाहुणे पाटांवर बसले होते. मी जाहिरातीचे कात्रण काढून पूर्वापार रीत समजावू लागलो. माझ्या आईने मध्येच विचारले, "कोनाची रे पूर्वापार? मले तं तुह्या बापानं बोटातलं साधं वळंही नाई देल्लं."

सारे हसले. मी कात्रणाची घडी घातली. जी रीत मी समजावीत होतो, ती आमच्या घरात त्या कात्रणाबरोबरच आली होती.

दाराशी उभी असलेली कुसुम म्हणाली, "आई, साखर आज घेऊ. हिरा आठ दिवस देवापाशी राहू दे."

तसेच झाले. अमरावतीस परतल्यावर मी, समजुती न मानणारा, आठ दिवस टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून होतो. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे दूध उतू गेले, तेव्हाही मला अकोल्याचे देवघर आठवले. नवव्या दिवशी कुसुमचे पत्र आले: घरची म्हैस सुखरूप व्याली, पारडी झाली, अंगठी बोटात आहे.

त्या अंगठीपेक्षा लांब पोचली ती जाहिरातीतली रीत. वर्षभरात दोघा सहकाऱ्यांनी माझ्याकडून सराफाचा पत्ता नेला. त्यांपैकी एकाच्या साखरपुड्यात वधूपित्याने हिऱ्याचे कारण विचारले. तो शांतपणे म्हणाला, "आम्हा प्राध्यापकांत ही जुनी रीत आहे."

मी समोरच बसलो होतो. चूक ऐकली की ती जागीच सुधारायची, हा माझा स्वभाव. त्या दिवशी मी फक्त साखर तोंडात टाकली.