चार स्वच्छतागृहं, चालू स्थितीत

माझं अक्षर चांगलं आहे. हा माझा गुण नव्हे, मला जडलेला आजार आहे. त्याच्यापायी मी वर्षानुवर्षं खोटं लिहीत होतो आणि ते इतकं सुबक दिसायचं की वाचणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी.

शाळा महापालिकेची, पाचवी ते आठवी. खराडीच्या पुढे, जिथे कालपरवापर्यंत ज्वारी उभी असायची आणि आता आयटी पार्क उभे राहत होते. मी कर्वेनगरहून स्कूटरने यायचो. निघताना केलेली दाढी पोचेपर्यंत पुन्हा वाढलेली असायची, इतकं ते अंतर. फाटकाशी आमचा फलक होता. नियमच होता तसा: खोल्या किती, नळ किती, स्वच्छतागृहं किती, ग्रंथालय आहे का, निकाल काय आणि शेवटी शाळेची श्रेणी, हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं रंगवून लावायचं. एका वळवाच्या वादळात आमचे पत्रे शेजारच्या गोठ्यात जाऊन पडले, पण फलक जागचा हलला नाही. आमच्या आवारात तेवढं एकच बांधकाम पक्कं होतं. त्याच्या तळाशी तांबड्या रंगात परातीएवढा ‘अ’ होता.

हा ‘अ’ दरवर्षीच्या अहवालातून यायचा आणि अहवाल माझ्या हातून. पद्धत सोपी. डावीकडे गेल्या वर्षीची प्रत, उजवीकडे कोरा नमुना, मध्ये चहा. डावीकडचं उजवीकडे उतरवायचं. पटसंख्या तेवढी नवी, बाकी आहे तसं. गेल्या वर्षी होतं ते यंदा नाही असं लिहिलं की खुलासा मागतात. आहे तसं लिहिलं की कुणी काही मागत नाही. त्यामुळे आमचे चित्रकलेचे शिक्षक बदली होऊन गेल्यावरही कागदावर चार वर्षं आमच्याकडेच शिकवत राहिले, आणि शपथेवर सांगतो, स्टाफमध्ये त्यांच्याइतकं नियमित कुणी नव्हतं. ग्रंथालय म्हणजे एक कपाट. त्यातली पुस्तकं वाळवीने इतकी मन लावून खाल्ली होती की तिला सातवीच्या परीक्षेला बसवली असती, तर आमचा निकाल सुधारला असता. अहवालात मात्र ‘ग्रंथालय: आहे, वापरात’. वापर वाळवीचा, हे लिहायला रकाना नव्हता.

आणि मग तो रकाना: ‘मुलींची स्वच्छतागृहं: चार. स्थिती: चालू.’

ती चार कुठे होती? मैदानाच्या कोपऱ्यात, एका कुलपामागे. कुलूप गंजून दाराशी एकजीव झालं होतं. आत काय आहे हे कुणी बघत नसे, कारण वास येऊन सगळं सांगून जायचा. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतींना उघडणाऱ्या खिडक्या नसतात. लोक म्हणतात एसीमुळे. मला कारण माहीत आहे.

माझ्या सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. गणितात वर्गातच काय, स्टाफरूममध्येही पहिली आली असती. बारा ते साडेपाच शाळा. या वेळात ती कधी जागची उठायची नाही. बाकीची पोरं तासाला दहा वेळा ‘सर, जाऊ का’ करत आणि मुलं कंपाउंडच्या भिंतीला पाठवून आमचा प्रश्न मिटत असे. ही मात्र बसलेली. मी भर वर्गात तिचं उदाहरण द्यायचो. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला होता, अर्थातच सुंदर अक्षरात: ‘शिस्त वाखाणण्याजोगी.’

दिवाळीच्या सुट्टीला पंधरा दिवस राहिले असताना तिची आई वर्गाच्या दारात आली. अंगावर हाउसकीपिंगचा निळा कोट तसाच. वर्गाबाहेर येऊन उभा राहिलो, तर ती माझ्याकडे न बघता फाटकाकडे बघत म्हणाली, “सर, त्या फळीवरचं तुमी लिवता म्हणं.”

“अहवाल मी लिहितो, ताई. फलक पेंटर रंगवतो.”

“चार हायेत म्हणून लिवलंय. मी आत्ता जाऊन बघितलं. चार न्हाईत, एक कुलूप हाय.”

मी काहीतरी पुटपुटलो. प्रस्ताव, पाठपुरावा, असे शब्द त्यात असावेत.

“पोरगी सकाळी अकरापासनं पाण्याचा थेंब घेत न्हाई,” ती म्हणाली. “जायला लागंल म्हणून. दोनदा दवाखाना झाला, लघवीला आग होती तिच्या. डॉक्टर म्हणाला पाणी पाजा. मी तिकडं कंपनीत दिवसभर बायकांचे संडास पुसते, सर. त्यात बसून जेवावं असे. अन् माझी पोरगी इथं कोरडी बसती. दिवाळीनंतर न्हाई पाठवायची मी तिला. तिच्या मामीकडं शिवणाचं काम हाय, तिथं बसंल.”

ती गेली. मी वर्गात आलो. मुलगी पहिल्या बाकावर शिस्तीत बसली होती आणि मला त्या शेऱ्याची किळस आली. मी एका तहानेला शिस्त म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज घेऊन महापालिकेच्या शिक्षण कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तो वाचला, मग कपाटातून आमचा अहवाल काढून शेजारी ठेवला. शुद्ध शहरी माणूस, आवाज चढवायचा नाही, नुसता सोलायचा.

“अक्षर सुरेख आहे. आपलं?”

“हो.”

“दोन्हीकडे आपलंच दिसतंय. इथे आपण लिहिता चारही चालू, इथे लिहिता चारही बंद. कोणाचं खरं मानू, आपलं की आपलं?”

“साहेब, आज जे लिहिलंय ते खरं आहे.”

“दुरुस्तीची यादी अहवालावरून होते. जे ‘बंद’ लिहितात त्यांना दुरुस्ती. आपल्याला श्रेणी हवी होती, ती दिली. यंदाचा अहवाल शनिवारपर्यंत घेतो आहोत. बघा, सुचतंय का काही.”

मुख्याध्यापकांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी फलकाखाली सुरुंग लावायला निघालोय. “अहो, ‘बंद’ लिहिलं की ‘अ’ गेला. आणि गेल्या वर्षी चालू, यंदा बंद, मध्ये काय झालं याचा खुलासा कोण देणार? आपण? आहे तसं लिहा.”

आता इथे मी बाणेदारपणे काय म्हणालो ते सांगायला मला फार आवडलं असतं. कथा सांगताना बाकी ठिकाणी मी वाढवतो, इथे वाढवायला काही नाही. मी आहे तसं लिहिलं. डावीकडचं उजवीकडे.

अहवाल पाठवण्याआधी तो पालकांच्या सभेत वाचून दाखवायचा आणि सह्या-अंगठे घ्यायचे, हाही नियम. शुक्रवारी चार वाजता सभा भरली. पालकांना चहा-बिस्किटं होती. वाचन दरवर्षी माझंच. आवाजही माझा अक्षरासारखाच आहे, गोल आणि खोटा. लोक बिस्किटं बुडवत ऐकत. मी वाचत वाचत त्या रकान्याशी आलो. मागच्या रांगेत निळा कोट दिसत होता.

“मुलींची स्वच्छतागृहं चार. स्थिती, चालू.”

निळा कोट उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण. भांडणाला आम्ही तयार असतो. भांडणाऱ्याला ‘आपण नंतर बोलू’ म्हणायचं असतं.

“चालू हाय ना?” ती शांतपणे म्हणाली. “मग चावी द्या. मला जायचंय.”

सभेत बिस्किटाचा आवाज बंद झाला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिपाई मावशींकडे, मावशींनी छताकडे. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. “मलाबी जायचंय बाई, सकाळधरनं.” मग तिसरी उठली. बघता बघता सगळ्या बायका उभ्या. एका वेळी इतक्या जणींना लागलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

वरात मैदानात निघाली. चावी तीन मुख्याध्यापकांमागे हरवली होती. एका पालकाने दगड घातला. कुलूप तुटलं नाही, दारच चौकटीसकट निखळून पडलं. आधी कबुतरं बाहेर आली. मग वास आला आणि त्याने सगळ्यांना दोन पावलं मागे रेटलं. आत छतापर्यंत मोडके बाक, निवडणुकीचे लाकडी आडोसे, आणि त्यांच्यावर दोरीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. आमचे जुने अहवाल. कपाटात वाळवी राहत असल्याने, चावी होती त्या काळात इथे ठेवलेले. वरच्या गठ्ठ्यावर कबुतरांच्या विष्ठेच्या थराखालून माझं अक्षर अजून ओळखू येत होतं.

मुलीची आई वळली आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, “अन् तुमी मास्तर लोक कुठं जाता?”

उत्तर पंधरा पावलांवर होतं. शाळेच्या कार्यालयामागे शिक्षकांचं स्वच्छतागृह, पांढऱ्या फरशीचं, नळाला पाणी असलेलं. त्याची चावी मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे खिळ्याला लटकायची. इतकी वर्षं. आमच्यात बीएड झालेली सात माणसं होती आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की ही चावी मुलींना देता येते. अहवालात तसं विचारलेलंच नव्हतं.

मी आत जाऊन चावी आणली आणि मुलीच्या आईच्या हातात दिली. मग खिशातलं पेन काढून सगळ्यांदेखत ‘चालू’वर रेघ मारली, शेजारी ‘बंद’ लिहिलं. तेवढा एक शब्द वेडावाकडा आलाय. मुख्याध्यापकांनी खाली सही केली, कारण भोवती बायका उभ्या होत्या आणि कुणी वाट सोडत नव्हतं.

श्रेणी गेली. पेंटरने ‘अ’वर चुना फासून ‘क’ काढला. दुरुस्तीची माणसं थेट पुढच्या जूनमध्ये आली आणि चारातली दोन चालू करून गेली. तोवर शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची चावी मुलींकडे राहिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हजेरी घेताना पहिल्या बाकाकडे बघायचा मला धीर होत नव्हता. नाव घेतलं, ‘हजर’ आलं. बाकावर पाण्याची बाटली होती, भरलेली. तिसऱ्या तासाला, मी फळ्यावर समीकरण मांडत असताना, मागून आवाज आला.

“सर, जाऊ का?”

“जा,” मी म्हणालो, आणि ती परत येईपर्यंत समीकरण अर्धंच ठेवलं.