चौथ्या क्रमाचा कोलू

डिफरन्शियल इक्वेशनवर आमच्या घरमालकांइतका जीव टाकणारा माणूस उभ्या चेन्नईत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोला माझा साष्टांग नमस्कार. नुंगंबाक्कममध्ये मी सहा वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतेय. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, घराणं तंजावरचं. बोलतात मराठीच, पण माझ्या साताऱ्याच्या सासूबाईंनाही जुनं वाटेल असं, आणि वाक्य संपेस्तोवर गाडी तमिळात शिरलेली असते. इथल्या रिवाजाप्रमाणे अख्खी गल्ली त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणते, म्हणून मीही म्हणते.

मी घर बघायला गेले तेव्हा मामांनी मोजून चार अटी घातल्या. पाण्याची मोटर सकाळी सहालाच लागते, ही पाचवी मामींनी स्वयंपाकघरातून सांगितली, तर मामांचा चेहरा पडला. समीकरण चौथ्या क्रमाचं असेल तर अटी चारच हव्यात, आगंतुक पाचवी आली की बहुधा उत्तरच निघत नाही, असं त्यांनी मला बराच वेळ समजावलं. मला वाटलं, गेलं हे घर हातचं. पण मिळालं, आणि मोटर आजही सहालाच लागते.

मामा रिक्षात बसले की रिक्षावाल्याची शिकवणी सुरू. वेग हा पहिला डेरिव्हेटिव्ह, त्वरण दुसरा, आणि माणसाची कंबर मोडते ती तिसऱ्यामुळे, म्हणजे त्वरण अचानक बदलल्यामुळे. तेव्हा तुझ्या वेगाबद्दल माझी काही तक्रार नाही, तिसरा तेवढा सांभाळ, असं ते सांगतात. एका रिक्षावाल्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, की सार, तिसरा-चौथा मला ठाऊक नाही, खड्डा मी दुसऱ्या गिअरमध्येच घेतो. दिवाणखान्याच्या दाराला स्प्रिंग बसवली तेव्हा तर कहर झाला. दार आपटता कामा नये, झुलता कामा नये, आणि तरी कमीत कमी वेळात मिटलं पाहिजे, म्हणून मामा तीन महिने त्या स्प्रिंगशी आणि तेलाच्या बुधलीशी झटत होते. जमल्यावर मला आत-बाहेर, आत-बाहेर करायला लावलं. माझ्या हातातली कोथिंबीर सुकली, कौतुक काही संपेना. मामी मागच्या दारानं ये-जा करायच्या.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामी दरवर्षी कोलू मांडतात. घरात पायऱ्या रचायच्या आणि त्यांवर नऊ दिवस बाहुल्यांचा दरबार भरवायचा. बाहुल्या त्यांच्या आईच्या, मातीच्या, लग्नात तंजावरहून आलेल्या. चाळीस वर्षांत एकदाही खंड नव्हता. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, यंदा राहिलं. खाली आल्यावर मामा मला म्हणाले, "ती घरीं येईल तेव्हां कोलू मांडलेला दिसला पाहिजे. तूं ये मदतीला."

या माणसानं चाळीस वर्षांत एका बाहुलीला बोट लावलं नव्हतं. पायऱ्या म्हणजे सागवानी फळ्या, दोन बाजूंना ट्रंकांवर टेकवलेल्या. प्रत्येक फळीच्या मधोमध खालून मामी एक पत्र्याचा डबा लावायच्या. मामांना तो डबा म्हणजे अडाणीपणा वाटला. फळी किती वाकेल हे चौथ्या क्रमाचं समीकरण सांगतं, डबा कशाला? स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक बाहुली तोलून झाली, दोन वह्या भरल्या. उत्तर आलं दोन मिलिमीटर. डबे हद्दपार झाले.

सगळ्या बाहुल्या चढवल्या आणि मधली फळी चांगली सेंटिमीटरभर खाली आली. दोन्हीकडच्या बाहुल्या मध्ये कलल्या. त्यांतली गौर मुळातच बुडाला डुगडुगणारी, ती घसरली ती थेट फरशीवर. हात कोपरापासून निखळला.

मामा खाली बसले. तो इवलासा हात तळव्यावर घेतला. मग म्हणाले, "फळीचीं दोन्ही टोकं घट्ट धरलेलीं आहेत असं मीं मानलं. तीं नुसतीं टेकलेलीं होतीं. पांचपट फरक पडतो." पहिल्या वर्षाच्या पोरांना ते जिच्यासाठी शून्य द्यायचे, तीच ही चूक. मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघून मी डिंक शोधायला उठले. आम्ही हात चिकटवला, डबे गुपचूप जागच्या जागी गेले.

दुसऱ्या दिवशी मामी वॉकर टेकत आल्या, कोलूसमोर खुर्चीत बसल्या आणि त्यांना आधी दिसला तो हातच. मामांनी काहीही न लपवता समीकरणासकट कबुली दिली. मामींनी ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले आणि दिवा कोण लावणार म्हणून विचारलं. नऊ दिवस बायका आल्या, गाणी झाली, हरभऱ्याचं सुंडल प्रसाद म्हणून वाटलं. इतक्या आनंदात मी मामींना कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बांधून ठेवतात. मामींना वाकता येईना, म्हणून त्या खुर्चीतून सांगत होत्या आणि मी नि मामा बांधत होतो. कुठली बाहुली कुठल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात, कुठली कुठल्या ट्रंकेत, कुणाचं तोंड वर ठेवायचं. मामा उठले, वही घेऊन आले आणि कोरं पान काढून लिहायला लागले. मामी त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

मामा घाईघाईनं म्हणाले, "पुढें तूं सांगायला नसलीस तर, म्हणून नव्हे हो. लक्षांत राहावं म्हणून."

"मी नसले तर, म्हणूनच लिहा," मामी म्हणाल्या. "आणि डबे विसरूं नका."

मामांनी खाली मान घालून डबेही लिहिले. मग पेन तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, गौरीचं तोंड कोणीकडे? मामींनी सांगितलं, आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.