वयाचा वाटा

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं खरं बोलणारं माणूस नायगावपासून भोईवाड्यापर्यंत दुसरं सापडायचं नाही, आणि इतकं खरं बोलूनही ज्याच्यावर घरातल्या कोणीच विश्वास ठेवला नाही, असंही दुसरं कोणी सापडायचं नाही. त्या ब्लाउज शिवतात. हिंदमाताच्या कापडबाजारात साडी घेतली की बायका थेट जाऊबाईंकडे येतात, आणि माप द्यायला उभ्या राहिल्या की आपल्या देहाविषयी जन्मात कोणी सांगितलं नसेल असं काहीतरी ऐकून घेतात. "हा गळा तुम्हाला शोभणार नाही. मान आखूड आहे तुमची." एक बाई यावर रागावून कापड उचलून निघून गेल्या, दुसरीकडून तोच गळा शिवून घेतला, आणि तो उसवायला परत जाऊबाईंकडेच आल्या. "सांगितलं होतं ना?" एवढंही जाऊबाई म्हणाल्या नाहीत. नुसत्या चष्म्यावरून बघत राहिल्या, आणि ते ऐकण्यापेक्षा वाईट होतं. आमच्या चुलत सासऱ्यांच्या तेराव्याला कोणीतरी रीतीप्रमाणे "सुटले बिचारे" म्हणालं, तेव्हा भरल्या पंगतीत ह्या म्हणाल्या, "कशाला सुटतील? आदल्या रविवारी मटण मागून खाल्लं त्यांनी. जायचं नव्हतं माणसाला." सगळ्यांनी माना खाली घातल्या. खरं होतं ते, म्हणूनच घातल्या.

जाऊबाईंची नायगावची चाळ पाडली आणि तिथले सगळे नव्या टॉवरमध्ये राहायला गेले, त्याच सुमारास जाऊबाईंची पाळी थांबली आणि अंगातून गरम वाफा यायला लागल्या. दुसरी बाई हे पदराआड ठेवते. जाऊबाईंनी ते लिफ्टमध्ये सांगितलं, वॉचमनसमोर. वाफ आली की त्या फ्रिजचं दार उघडून उभ्या राहायच्या. पुढे पुढे तेवढ्याने भागेना, तेव्हा फ्रीझरमधली वाटाण्याची पिशवी मानेवर ठेवून शिवायला बसायच्या, आणि संध्याकाळी त्याच वाटाण्यांची उसळ करायच्या. हिंदमाताच्या एका दुकानात मला घेऊन गेल्या, बरोबर एसीखाली बैठक मारली, आणि घ्यायची नसताना इतक्या साड्या उलगडायला लावल्या की दुकानदार घामाघूम झाला आणि ह्या कोरड्या झाल्या. निघताना एसीचं भाडं म्हणून परकराचं कापड तेवढं घेतलं.

इथपर्यंत आम्ही सगळे हसलो. हसू आंबलं ते पुढे. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आणि त्यांचा मुलगा, या दोघांनी मोबाइलवर काहीबाही वाचलं आणि त्यांना एक किल्ली सापडली. या वयात बायकांची चिडचिड होते. झालं. त्या दिवसापासून जाऊबाईंच्या तोंडून जे बाहेर पडे, ते त्या बोलत नसत, त्यांचं वय बोलत असे. दादांनी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि ह्या ओरडल्या, की वय. मुलाने पुन्हा पुन्हा सांगूनही डबा घासायला काढला नाही आणि ह्यांनी तो तसाच दुसऱ्या दिवशी भरून दिला, की वय. एकदा म्हणाल्या, "लिफ्टचा आवाज बरोबर येत नाही. कोणाला तरी बोलवा." मुलगा हसून म्हणाला, "आई, तुला हल्ली सगळेच आवाज जास्त लागतात." पुढच्याच आठवड्यात दादा लिफ्टमध्ये अडकले. आतून हाका मारू लागले. जाऊबाई बाहेर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "हा भास आहे मला. वय झालंय ना." आणि मग वॉचमनला बोलवायला गेल्या, पण सावकाश, मधल्या मजल्यावरच्या बाईच्या ब्लाउजचं माप घेत.

मग दादा निवृत्त झाले, आणि एका रविवारी जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "आता पुढच्या महिन्यात गावाक जावन रवाचा. कायमचा." मी त्या दिवशी तिथेच होते. कोकणात गावी जाऊन राहायचं हे, पाऊस पडेल असं सांगावं, तसं ते बोलले. जाऊबाईंचा जन्म भोईवाड्यातला, संसार नायगावातला. गाव म्हणजे गणपतीचे दिवस आणि चुलीचा धूर, एवढीच ओळख. गिऱ्हाइकं इथे, मशीन इथे, सगळं आयुष्य इथे. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही." आवाज चढला होता, कपाळावर घाम होता. दादा मुलाकडे बघून समजूतदार हसले. मुलगा म्हणाला, "आई, आत्ता काही ठरवू नकोस. हे सगळं निवळलं की तुलाच जावंसं वाटेल." बाईचा नकारसुद्धा आजाराचं लक्षण! जाऊबाईंनी पुढे शब्द काढला नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना गप्प झालेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या परळला माझ्या घरी आल्या. "चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचंय."

दादरच्या त्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. झोप, घाम, छातीतली धडधड, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "तुमचा त्रास तसा सौम्य आहे."

"कोणाला?" जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर आहे. मी कागदावरचं बोलले. तुमचं सांगा."

"मला हार्मोनचं औषध घ्यायचंय. ते घेतलं की राग जातो ना?"

"घाम कमी होतो, झोप लागते. झोप लागली की चिडचिडही कमी होऊ शकते. राग मात्र कशाचा आहे त्यावर आहे."

मग त्यांनी घरात रक्ताच्या नात्यात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का ते विचारलं, आणि जाऊबाईंनी आपल्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. ती त्यानेच गेली होती. खोलीतली हवा बदलली. डॉक्टरांनी ती कितव्या वर्षी आजारी पडली तेही विचारलं, आणि मग स्पष्ट सांगितलं, "बहिणीला झाला म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी म्हणणार नाही. गर्भाशय आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे हार्मोन द्यावे लागतील, आणि त्याने धोका थोडा वाढतो. तुमचा त्रास एवढा आहे की औषध नाही घेतलं तरी काही बिघडणार नाही. घ्यायचंच असेल तर आधी मॅमोग्राफी, मग कमीत कमी मात्रा, आणि मी सांगेन तेव्हा येऊन दाखवायचं. ठरवायचं मात्र तुम्ही."

"मी?" जाऊबाईंनी विचारलं. ठरवायचं तुम्ही, असं इतक्या दिवसांत त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

बातमी टॉवरभर व्हायला वेळ लागला नाही, आणि ज्यांना कधी ताप मोजता आला नाही अशी माणसंही सल्ला द्यायला आली. कोणी शतावरी सांगितली, कोणी जवस भिजवून खायला सांगितलं, कोणी सांगितलं की मन रिकामं आहे, सत्संगाला या. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी घेतलं का कोणी असलं काही? निभावलंच ना आम्ही?" जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं होतं का कोणी, आजी, निभावणार का म्हणून?" आजी आपला पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "नाही गं." दादांनी आधी कडाडून विरोध केला, कॅन्सर होईल म्हणाले. पण औषधाने चिडचिड कमी होऊ शकते हे माझ्या तोंडून निसटलं मात्र, त्यांचा विरोध तिथल्या तिथे विरघळला, आणि गावी जाणंही त्यांनी तेवढ्यापुरतं पुढे ढकललं. बायकोच्या जिवाची काळजी होती त्यांना, नव्हती असं नाही. पण गावचं घर शाकारून ठेवलं होतं.

मॅमोग्राफीला परळलाच गेलो. बाकावर बसलो होतो. त्याच रस्त्यावर पुढे, कॅन्सरच्या इस्पितळात, जाऊबाईंच्या बहिणीचे शेवटचे महिने गेले होते, म्हणून मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत होते. त्यांनी मला थांबवलं.

"तिने घरी सांगितलं होतं, छातीत हाताला गाठ लागते म्हणून," त्या म्हणाल्या. "सासू म्हणाली, या वयात होतात गाठी. नवरा म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीचं भय. तिलाही मग तसंच वाटायला लागलं. डॉक्टरकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता." त्या भिंतीकडे बघत होत्या. "तिला गाठीने नेलं, हे खरंच. पण आधी तिला गप्प केलं ना सगळ्यांनी."

मी म्हटलं, "वहिनी, मग हे औषध कशाला? भीती नाही वाटत?"

"वाटते की. न वाटायला मी काय दगड आहे?" त्या माझ्याकडे वळल्या. "पण मला एकदा बघायचंय. माझ्या बोलण्यात वयाचा वाटा किती आणि माझा किती. वयाचा निघाला, तर मुकाट गावी जाईन. चुलीवर भाकऱ्या भाजीन. पण माझा निघाला तर?"

रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरांशी पुन्हा बोलणं झालं, आणि जाऊबाईंनी औषध सुरू केलं. सकाळी हातावर चोळायचं जेल, झोपताना गोळी. ज्या माणसाला स्वतःची रक्तदाबाची गोळी कधी आठवली नाही, ते दादा रोज न चुकता विचारू लागले, "गोळी घेतलंस काय गो?" इतक्या प्रेमाने त्यांनी लग्नानंतरही विचारपूस केली नसेल. मुलगा आईच्या चेहऱ्याकडे असा बघायचा, जसा माणूस कुकरच्या शिट्टीकडे बघतो.

आणि औषध लागू पडलं. काही आठवड्यांत वाफा थांबल्या. जाऊबाई झोपू लागल्या, चांगल्या घोरू लागल्या. चेहरा उजळला, हाताला घाम नाही म्हणून टाकाही सुबक पडू लागला. दादांनी ट्रंक काढून पुसली. मग एका रविवारी जाऊबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आम्हालाही. बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोलकढी होती. सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं, आणि कपाळावर एक थेंबही नसताना, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मी गावी येणार नाही."

दादांचा घास हातात राहिला. "आणखी म्हयनोभर बघूया," ते म्हणाले. "औषध लागू पडाक येळ लागता."

"औषध लागू पडलंय," जाऊबाई म्हणाल्या. "घाम गेला, झोप आली, धडधड गेली. जे वयाचं होतं ते गेलं. हे राहिलं. हे माझं आहे." मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "तू जेव," त्या म्हणाल्या. "आधीही मी हेच म्हणत होते. फक्त तेव्हा मला घाम यायचा."

एका बाईचं साधं 'नाही' ऐकून घ्यायला घरच्यांना डॉक्टर, तपासणी आणि औषधाचा दाखला लागला, ही गोष्ट तिखल्यापेक्षा जास्त तिखट होती, आणि ती सगळ्यांनी पाणी न पिता गिळली. मीसुद्धा.

दादा एकटेच गावी राहायला गेले. हट्टाने म्हणा, किंवा गावाची ओढ खरीच होती म्हणून म्हणा. सकाळच्या गाडीला पोचवायला जाऊबाई आणि मी गेलो होतो. गाडी यायच्या आधी दादा एकदम म्हणाले, "तुका आधी विचारूक व्हया होता." जाऊबाई "हो, विचारायला हवं होतं" म्हणाल्या. एवढंच. मग पिशवीतून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली ते दोनदा समजावून सांगितलं, आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

वर्षभराने जाऊबाईंनी डॉक्टरांना विचारून औषध हळूहळू बंद केलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, बरं वाटतंय तर चालू ठेवता येईल. ह्या म्हणाल्या, "मला जे बघायचं होतं ते बघून झालं." वाफा थोड्या परत आल्या. येतात, जातात. जाऊबाई त्यांना आता पाहुण्यासारखं वागवतात, चहा मात्र विचारत नाहीत.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगा कामावरून यायचा होता. घर इतकं शांत होतं की मशीन थांबलं की सगळं घरच थांबल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात गावाहून फोन आला. परसात शेवगा लावला होता, त्याला शेंगा आल्या आहेत, म्हणून दादा सांगत होते. पाठवू का, म्हणून विचारत होते. कवळ्या पाठवू की जून, तेही विचारत होते. तिकडे येणं होईल का गणपतीला, तुझ्या सोयीने, असंही दबकत विचारलं.

"कवळ्या पाठवा," जाऊबाई म्हणाल्या. "येईन गणपतीला."

फोन ठेवून त्यांनी हुक लावायचा राहिलेला ब्लाउज मांडीवर घेतला. बराच वेळ सुईत दोरा जाईना.

"सगळं विचारतात आता," त्या म्हणाल्या. "शेंगासुद्धा विचारून पाठवतात."

मी त्यांच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.