घुमटाखालची जागा

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. पिंपळे सौदागरपासून तळवड्यापर्यंत उभ्या राहिलेल्या कितीतरी टॉवरांचे जिने आणि पार्किंग माझ्या हातचे आहेत. ते कुणी कौतुकाने बघत नाही, बघू नयेच. म्हणून आमच्या गावच्या देवळाचं काम ऑफिसात आलं तेव्हा त्याला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

रहाटणीजवळचं आमचं गाव आता बसच्या पाटीवर तेवढं उरलंय. शेतं गेली, सोसायट्या आल्या, हातात पैसा आला आणि गावकीला वाटू लागलं की आपला मारुती फारच बुटक्या घरात राहतो. खोटं नव्हतं ते. चारी बाजूंना वीस-वीस मजले आणि मध्ये कौलारू देऊळ. आत तुळया इतक्या खाली की उंच माणसाला मान वाकवावी लागे. पण शनिवारी संध्याकाळी तिथे भजन बसलं की शेवटच्या टाळकऱ्याचा टाळसुद्धा वेगळा ऐकू यायचा. पखवाजावर आबा असत. आबा म्हणजे माझे वडील.

आबांनी उभा जन्म कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढला. दिवसभर पत्र्यावर मशीन आदळायचं. शनिवारी सेकंड शिफ्ट आली तर ते हातापाया पडून बदलून घेत. घरी आले की हात खसाखसा धुवायचे आणि आईच्या परातीतला कणकेचा गोळा उचलून पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायचे. "तुमच्या त्या ढोलक्याला रोज पोळी लागते," आई म्हणायची. आबा काही मोठे कलावंत नव्हते. मात्र त्यांचा ठेका असा पक्का की गाणाऱ्याने चुकायचं ठरवलं तरी चुकता येऊ नये. कंपनीत ते बिल्ल्यावरचा नुसता एक नंबर होते, घरी परक्याच्या जागेत असल्यासारखे गप्प असत. देवळात त्यांना सगळे विचारायचे, आबा, सुरू करू का?

नव्या देवळासाठी मी मोठा घुमट काढला. खाली संगमरवर, भिंतींना ग्रॅनाइट, मधे एकही खांब नाही. आबांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "वरची लाकडं ठेवता येनार न्हाईत का गं?"

"आबा, लाकूड आता कोण ठेवतं?" मी म्हणाले. मग त्यांना खूश करायला घुमटाच्या बरोबर मध्याखाली पेन्सिलीने एक गोल काढला आणि सांगितलं, ही तुमची पखवाजाची जागा. ते त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिले. फार आनंद झाला होता त्यांना. मलाही.

कलश चढला त्या दिवशी देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. सोसायट्यांतली माणसंसुद्धा आली होती. भजन असं रंगलं की बुवा, म्हणजे आमच्या भजनाचे म्होरके, सगळ्यांदेखत आबांना म्हणाले, "राव, पोरीनं पांग फेडले तुमचे." मी आठवडाभर हवेत होते.

पुढच्या शनिवारी भजनाला सात माणसं होती. पहिल्याच अभंगाला ठेका सुटला. आबांनी पुन्हा धरला, पुन्हा सुटला. टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. आबा थांबले आणि म्हणाले, "आवाज माघारी येतोय. मी थाप मारतो, ती फिरून माझ्याच अंगावर येती."

आणि मी हसत हसत म्हणाले, "आबा, नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळे हसले. आबाही हसले. माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

असेच चार-पाच शनिवार गेले. मग कुणीतरी ते बोललं, आणि बोलल्यावर सगळ्यांना एकदम पटलं, की प्रेस शॉपमध्ये जन्म गेलेल्या माणसाचे कान कुठवर राहणार? आबांच्या बरोबरचे दोघे ठार बहिरे होऊन बसले होते. आमच्याकडे प्रेसवरच्या माणसाचे कान जाणं म्हणजे केस पांढरे होणं. त्याबद्दल कुणी शंका घेत नाही. कलशाच्या दिवशी त्याच देवळात भजन उत्तम झालं होतं, तेव्हा देवळाकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आबांनाही पटलं.

मी त्यांना सांगवीच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक आवाज जरा कमी ऐकू येतात, बाकी वयाच्या मानाने ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं मी फक्त "कमी ऐकू येतं" एवढंच ऐकलं आणि कानाचं मशीन घेऊन दिलं. मशीन लावून ते वाजवायला बसले तेव्हा आणखीच गोंधळले. शेवटी बुवांनीच खांद्यावर हात ठेवला. "लई वाजवलंत. आता बसून ऐका."

आबांनी पखवाज जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. दुसरा पखवाजी मिळाला नाही. वर्षभरात भजनच बंद पडलं. एका दात्याने विजेवरचा नगारा दिला. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा आपोआप वाजतात, आणि पुजारी एका हाताने आरती करता करता दुसऱ्या हाताने फोन बघतो.

तीन वर्षांनी गावकीने मला पायऱ्यांशेजारी रॅम्पसाठी मापं घ्यायला बोलावलं. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. रॅम्पवरून आलेली चाकाची खुर्ची मूर्तीपर्यंत जाईल का ते मोजत मी घुमटाखाली वाकले होते. पोलादी टेप हातातून सुटला, आणि तो खडखडाट वर गेला, गोल फिरला, परत माझ्या डोक्यावर आला. मी उभी राहिले. टाळी वाजवली. एक टाळी मारली आणि चार ऐकल्या. चार पावलं बाजूला जाऊन वाजवली, तेव्हा कमी. पुन्हा मधोमध आले, पुन्हा चार. सबंध देवळात आवाज सर्वांत वाईट माघारी येत होता तो नेमका त्या गोलात. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मी आखलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

घरी आले तेव्हा आबा ताटावर होते. मी सगळं सांगून टाकलं. घुमट, संगमरवर, जागा. शेवटी घाईघाईने म्हणाले, "सुधारता येईल आबा. जाड सतरंज्या अंथरू, भिंतींना पडदे लावू, तुमची जागा बदलू. आवाज बसेल."

"बसंल की," आबा म्हणाले. "कलशाच्या दिशी बसलाच व्हता. मानसं भरली व्हती. मानसासारखी सतरंजी न्हाई. पर आता बोलवनार कुनाला? बुवा वारले. पेटीवाला लेकाकडं चाकणला. तू देऊळ गावासाठी काढलंस, पोरी. तवर गावच उठून गेलं."

मी वाटीत आमटी वाढली. त्यांनी घास घेतला, चावला, आणि मग ताटाकडेच बघत विचारलं, "म्हंजे माझा हात बरोबर पडत व्हता?"

"हो आबा."

"समदे शनिवार?"

"सगळे शनिवार. तुम्ही एकदाही चुकला नव्हतात."

त्यांनी मान हलवली. हातातला घास पुन्हा ताटात ठेवला आणि डाव्या हाताने डोळे झाकून घेतले. म्हणाले, "बुवा जाताना मी भेटाया गेलो व्हतो. माझ्यामुळं भजन मोडलं म्हनून माफी मागून आलो गं त्यांची."