बुडालेल्या सांतानाची निवेदिका

एउलिना माझी धर्ममाय. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच मला हातात धरलं होतं, आणि त्याच दुपारी भोंग्यावरून माझं नाव आख्ख्या सांतानाला सांगितलं होतं. तेव्हा आमच्या गावात रेडिओ चार-पाच घरांत असतील. चर्चसमोरच्या चौकात लोखंडी खांब, खांबावर दोन भोंगे, आणि न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत माईक, तबकड्या आणि एउलिना. गाव तिच्या तबकड्यांवर चालायचं.

सकाळी ती दहा तारांच्या व्हायोला गिटारीची गाणी लावायची. दोघं भाऊ एकाच गळ्याने गातायत असं वाटावं, आणि विषय दोनच, गुरं आणि सोडून गेलेली बायको. बाजाराच्या दिवशी फोर्रो. ॲकॉर्डियन, ढोल आणि लोखंडी त्रिकोण सुरू झाले की खाटिकसुद्धा सुरा हातात धरून पाय हलवायचा. दुपारची जेवणं उरकली की शोरो. शोरो म्हणजे रडणं, पण ते नावापुरतंच. बासरी आणि चार तारांची छोटी गिटार एकमेकींच्या मागे अशा धावतात की रडायला उसंत कुठली! दिवेलागणीला साम्बा-कान्साँव, म्हणजे दारू उतरल्यावरचा साम्बा, सावकाश आणि पस्तावलेला. कार्निव्हलच्या दिवसांत फ्रेव्हो, तेव्हा पितळी वाद्यांनी भोंगा फाटेल असं वाटायचं.

एकदा औषधवाल्याची बायको आल्तायर रिओहून बोसा नोव्हाची तबकडी घेऊन आली. गायक कानाशी कुजबुजल्यासारखा गात होता. चौकातल्या बाकावर नावाडी बेलार्मिनो बसला होता. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "एउलिना, हा माणूस आजारी आहे, की शेजारी बायको झोपलीये?" तरी आल्तायरसाठी ती तबकडी दर रविवारी लागायचीच.

आणि एक वॉल्ट्झ होता, बिनशब्दांचा. तो लागला की बायका हातातलं काम थांबवत, पुरुष टोप्या काढत. त्यानंतर एउलिना गेलेल्या माणसाचं नाव सांगायची, वय सांगायची, आणि किती वाजता उचलणार ते. एरवी ती तबकडी कुणी मागायचं नाही आणि तीही लावायची नाही.

एकोणीसशे सत्त्याहत्तरला धरणाचं पाणी आलं. आम्हाला वर माळावर नव्या सांतानात हलवलं. ज्यांचं कुणी होतं त्यांनी आपापल्या माणसांची हाडं सोबत नेली. एक्केचाळीस जण जुन्या स्मशानात तसेच राहिले. शेवटच्या दिवशी त्यांची नावं वाचायची असं एउलिनाने ठरवलं. वॉल्ट्झ लावला, कागद धरला, आणि एकोणिसावं नाव झालं न झालं तोच वीज गेली. तारा उतरवायचं काम सुरू झालं होतं. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता. तिने कागदाची घडी केली, भोंगे खाली उतरवून घेतले आणि ट्रकमध्ये चढली. नव्या गावात तिने सगळं परत मांडलं, पण ती बावीस नावं राहूनच गेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नव्या घरात जुनी मढी कशाला आणायची, पोरी?"

चोवीस वर्षं गेली. दोन हजार एकच्या दुष्काळात पाणी इतकं आटलं, की आधी चर्चचा मनोरा वर आला, मग भिंती, मग चौकातला खांब. तिकडे जाळी टाकणारे सांगू लागले की गाणी ऐकू येतात. बेलार्मिनोने ॲकॉर्डियन ऐकला. दुसऱ्या एका कोळ्याने फ्रेव्हो. आल्तायर आपल्या जुन्या घराच्या पायऱ्या बघायला गेली ती पांढरीफटक होऊन परतली. "तोच," एवढंच म्हणाली, "कुजबुजणारा."

एउलिना हसली. पाण्यावरून आवाज लांब जातो, तुम्ही माझाच भोंगा ऐकताय, असं तिचं म्हणणं. खात्री पटवायला तिने गुरुवारी दिवसभर मशीन बंद ठेवलं. गुरुवारीही लोकांनी गाणी ऐकली.

शनिवारी भर दुपारी बेलार्मिनोने आम्हा दोघींना होडीतून तिकडे नेलं. चौकात भेगाळलेला चिखल आणि शिंपले. पक्षी एकही नाही. खांब गंजून बारीक झालेला, वर भोंगे नाहीतच. ते आम्ही नेले होते. बराच वेळ मला काही ऐकू आलं नाही. मग अंगावर काटा आला, आणि वॉल्ट्झ सुरू असल्याचं त्यानंतर कळलं. तो वरून येत नव्हता. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून यावं तसा पायाखालून येत होता. त्यापाठोपाठ आवाज आला, एउलिनाचा, बत्तीस वर्षांच्या एउलिनाचा. एकेक नाव. एकोणीस झाली आणि आवाज तुटला. थोड्या वेळाने वॉल्ट्झ पहिल्यापासून.

"चल एउलिना," बेलार्मिनो क्रूसाची खूण करत म्हणाला, "बघून झालं."

"थांब जरा. बाई अडकलीये."

कागद कधीच हरवला होता. तरी पुढच्या वेळी आवाज तुटला तशी ती खांबाला हात लावून उभी राहिली आणि विसाव्या नावापासून म्हणू लागली. गाढवंवाला दुर्वाल. जुळ्या बहिणी, ज्यांची नावं ठेवायची राहिली होती. वाहून आलेला माणूस, त्याला आम्ही झोझे म्हणायचो. बावीसही झाली, कुठेही न अडखळता. मग सगळं शांत झालं.

तिथे पुन्हा कुणाला काही ऐकू आलं नाही. पण सोमवारी मी शाळेच्या अंगणात पोरांना शिकवत असताना भोंग्यावरून शेळ्यांना लस टोचण्याची तारीख सांगितली गेली, आणि माझ्या हातातला खडू गळून पडला. आवाज चिखलातला, बत्तीस वर्षांच्या एउलिनाचा होता. चोवीस वर्षं विड्या ओढून आलेली घरघर त्यात नव्हती. मी धावत खोलीवर गेले. आत एउलिना आपल्या खरखरीत आवाजात माईकवर बोलत होती, आणि त्याच वेळी खिडकीबाहेर ती दुसरी.

पेत्रोलिना शहरातून मेकॅनिक आला. त्याने माईक बदलला, तारा बदलल्या. फरक पडला नाही. गावाला मात्र मजा वाटली. म्हातारी तरुण झाली म्हणून बाकावरचे पुरुष चेष्टा करायचे. शेवटी मी चौकात उभी राहून तिचं एक निवेदन कॅसेटवर घेतलं आणि तिला ऐकवलं. मागे खिडकीतून तिचा खरा आवाजही पुसट आला होता. तिने डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "ही माझ्याआधी बोलते."

मी ऐकलं. पापणी लवेल एवढंच अंतर होतं, पण ती आधी होती.

त्या दिवसापासून एउलिना माईकला शिवली नाही. तबकड्या तीच निवडायची, पोरांसाठी नाक मुरडत ब्रेगाची रडकी प्रेमगाणीसुद्धा लावायची. निवेदनं माझ्याकडे आली. पण स्वतः बाहेर गेल्याशिवाय तिने माझी एकही बातमी सुरू होऊ दिली नाही. चौकातल्या बाकावर जाऊन बसायची, मी एखादं वाक्य म्हणायचे, आणि ती खिडकीकडे बघून मान हलवायची, म्हणजे आवाज तुझाच आहे. मग मी पुढे वाचायचे. तेवीस वर्षं असं चाललं.

मागच्या वर्षी, एकोणऐंशीची असताना, ती वारली. तिचं नाव मीच वाचलं. पहिलं वाक्य म्हणून मी सवयीने बाकाकडे बघितलं. तिथे बेलार्मिनो बसला होता, पण तो आता ठार बहिरा आहे.